आरामाच्या सेडानला नवे टायर: नावाआधी आकडे वाचा

मागच्या सीटवर आईवडील निवांत बसावेत, बडोद्याहून पुण्याला जाऊन आलं तरी कंबर बोलू नये, म्हणून माणूस सेडान घेतो. काही वर्षांनी टायर झिजतात, दुकानात पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचे देऊ?" आणि एक नाव सांगून आपण मोकळे होतो. खरं तर कंपनीचा प्रश्न बराच नंतरचा. टायरची साइज, त्याची भार पेलण्याची श्रेणी, आत भरलेली हवा आणि गाडीच्या सस्पेन्शनची अवस्था या चार गोष्टींवर आराम आधी ठरतो. त्यात गडबड असेल, तर बाजारातला सगळ्यात महाग टायरही गाडी आपटवतो.

आधी जुने टायर नीट बघा

जुना टायर कुठे झिजलाय हे न बघताच तो काढून फेकणं, ही सगळ्यात महागात पडणारी घाई. ज्या कारणाने जुना टायर वाकडातिकडा झिजला, तेच कारण नव्यालाही सहा महिन्यांत खाऊन टाकतं.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत असेल, तर गाडी कायम कमी हवेवर चालली आहे. मध्येच झीज असेल, तर हवा जास्त होती. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड उडाली असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कोन, बिघडलेली आहे किंवा सस्पेन्शनच्या सांध्यांमधला एखादा बुश, बॉलजॉइंट सैल झालाय. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकाशी वाकून बघावं लागतं. नक्षीवर थोड्या थोड्या अंतराने खोलगट चट्टे पडले असतील, तर बहुतेक वेळा शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) थकलेले असतात. अशा गाडीला नवे टायर घालून आराम मिळणार नाही, आधी शॉकअपचे पैसे बाजूला काढा.

आणखी एक तपासणी हाताने करायची. गाडी थंड असताना तळवा टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. तारा निघालेल्या असतील तिथे हात लावू नका. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर चाकांचा टो बिघडला आहे, म्हणजे चाकं सरळ न धावता किंचित तिरकी घासत आहेत. डोळ्यांना हे फार उशिरा दिसतं, हाताला लवकर कळतं. 'टायर आवाज करतात' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

बदलायचे कधी? नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. ते १.६ मिमीचे असून नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेच बाद होतो. पण आपल्याकडे तिथपर्यंत थांबू नये. खाचांचं काम रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायचं. खोली ३ मिमीच्या खाली गेली, की एक्स्प्रेसवेवर जोराच्या पावसात टायर पाण्यावर तरंगायला लागण्याची शक्यता झपाट्याने वाढते. खोली मोजायचं गेज स्वस्तात मिळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजा, आणि ३ मिमीच्या आसपास असेल तर उन्हाळ्याआधीच बदला. बडोद्याच्या मे महिन्यात तापलेल्या डांबरावर जुनं, चिरा पडलेलं रबर फुटण्याचा धोका असतो, आणि लगेच पाठोपाठ पाऊस येतो. दिवाळीपर्यंत ओढणं म्हणजे झिजलेला टायर नेमक्या दोन वाईट ऋतूंत वापरणं.

बाजूला फुगा आला असेल, तर खोली कितीही असो, तो टायर गेला. भुव्यात (रस्ता खचून पडलेल्या भगदाडात) किंवा खड्ड्यात चाक आदळून आतले दोरे तुटले, की हवा बाहेरच्या रबराला ढकलते, तोच हा फुगा. त्याची दुरुस्ती नसते.

साइज: आराम इथे राहतो

टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं २०५/५५ आर१६ ९१व्ही. २०५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिमी. आर म्हणजे रेडियल आणि १६ म्हणजे रिमचा इंची व्यास. ९१ आणि व्हीकडे नंतर येऊ.

यातला मधला आकडा कुणी बघत नाही, आणि आरामाच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोलाचा. ही बाजूची भिंत, जिला सगळे साइडवॉल म्हणतात, गाडीची पहिली स्प्रिंग असते. काँक्रीटचा सांधा, गटाराचं झाकण, रस्त्याच्या ठिगळाची कड असे छोटे, तीक्ष्ण धक्के आधी तिने गिळायचे असतात. मोठ्या, संथ हेलकाव्यांचं काम शॉकअप आणि स्प्रिंगचं. साइडवॉल बुटकी असेल, तर छोटे धक्के न जिरता वर सीटपर्यंत येतात.

मारुती सियाझचंच उदाहरण घ्या. ती दोन साइजमध्ये आली: १८५/६५ आर१५ आणि वरच्या मॉडेलला १९५/५५ आर१६. चाकाचा एकूण व्यास दोन्हींचा जवळजवळ सारखा, ६२१ मिमीच्या आगेमागे. पण पहिल्याची साइडवॉल १२० मिमी आणि दुसऱ्याची १०७. म्हणजे मोठ्या अलॉयच्या दिमाखासाठी प्रत्येक चाकावर १३ मिमी रबर कमी झालं. होंडा सिटीचंही तसंच: १८५/६० आर१५ मध्ये १११ मिमी, १८५/५५ आर१६ मध्ये १०२. गाडी तीच, सस्पेन्शन तेच, तरी १५ इंचीवाली खड्ड्यांत मऊ चालते आणि तिची रिमही कमी वाकते. तुमच्या मॉडेलला कंपनी स्वतः १५ इंची रिम देत असेल आणि ती ब्रेकवर घासल्याशिवाय बसत असेल, तर टायर बदलताना एक इंच खाली येणं हा आरामासाठीचा सगळ्यात हुकमी खर्च आहे. दुकानं बहुतेक वेळा उलटी सूचना करतात, एक इंच वर जा म्हणून. आरामासाठी घेतलेल्या गाडीत तिकडे जाऊ नका.

रिम तीच ठेवून थोडा जाड टायर घालण्याचाही मोह होतो. तिथे हिशेब करूनच हो म्हणा. एकूण व्यास म्हणजे रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक साइडवॉलची दुप्पट. १८५/६० आर१५ चा व्यास होतो ६०३ मिमी. त्याच्याजागी १९५/६० आर१५ घातला तर ६१५, फरक २ टक्के. हा चालतो, साइडवॉलही ६ मिमीने वाढते. १९५/६५ आर१५ घातला तर ६३४.५, म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त. पूर्ण वळवल्यावर किंवा मागे तिघं बसल्यावर तो आतल्या प्लास्टिकला घासू शकतो, मीटर खरा वेग कमी दाखवतो आणि पिकअप जड होतो. ३ टक्क्यांपलीकडे जायचं नाही, ही मर्यादा घट्ट धरा. कंपनीने त्या मॉडेलला कुठेच न दिलेली साइज घातली, तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

९१ म्हणजे तो एक टायर ६१५ किलो पेलतो. ८८ म्हणजे ५६०, ८५ म्हणजे ५१५, ८२ म्हणजे ४७५. पुढचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किमी प्रतितास. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये जे आहे, त्याच्या खाली कधीच यायचं नाही. पण विनाकारण वर जाण्यातही आराम हरवतो. २०५/५५ आर१६ याच साइजमध्ये ९१व्ही मिळतो आणि ९४व्ही एक्सएलही. एक्सएल म्हणजे जास्त भारासाठी भक्कम केलेला, साहजिकच ताठ. "हा जास्त मजबूत आहे" असं सांगून तोच हातात दिला जातो. तुमच्या गाडीला ९१ पुरत असेल तर साधाच मागा. रनफ्लॅट टायरची साइडवॉल तर त्याहून कडक असते, कारण हवा गेल्यावरही तिला गाडी तोलायची असते.

आवाज, पकड आणि लेबलं

साइज ठरली, आता कंपनी आणि मॉडेल. प्रत्येक कंपनी आरामासाठी वेगळी मालिका काढते, इंधन वाचवायला वेगळी आणि दणकट वापराला वेगळी, त्यामुळे 'अमुक कंपनीचा टायर' एवढं सांगणं पुरेसं नाही. मिशेलिनची प्रायमसी, योकोहामाची अ‍ॅडव्हान डीबी, कॉन्टिनेन्टलची कम्फर्टकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोनची टुरान्झा या मालिका शांत आणि मऊ प्रवास डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या आहेत. ब्रिजस्टोनचीच इकोपिया मात्र इंधन बचतीकडे झुकते. प्रत्येक मालिकेत तुमची साइज मिळेलच असं नाही, म्हणून दोन-तीन पर्याय मनाशी ठेवूनच दुकानात जा.

शांत टायर कसा ओळखायचा? त्याच्या कडेचे रबराचे ठोकळे जवळून बघा. त्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवलेली असते. सगळे ठोकळे सारखे असते, तर ते रस्त्यावर एकाच तालात आपटून एकच सूर धरतात आणि गाडीत घूं असा आवाज भरतो. लांबी बदलती ठेवली की तो सूर विखुरतो. कडेच्या खाचा अरुंद आणि मधल्या सरळ खाचा रुंद, ही रचना सेडानला बरी. काही टायरच्या आत आवाज शोषायला फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. तो काम करतो, पण पंक्चर काढताना फोम कापावा लागतो आणि प्रत्येक पंक्चरवाल्याला ते जमत नाही. खिळे-स्क्रू लागणाऱ्या औद्योगिक रस्त्यांवर रोज गाडी जात असेल, तर फोमवाला टायर टाळलेला बरा.

लेबलांचा अर्थ नीट लावावा लागतो. बीईईचे, म्हणजे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, स्टार टायर फिरताना किती ऊर्जा खातो यावर, म्हणजे इंधनावर आहेत. त्यावरून टायर मऊ आहे की कडक हे कळत नाही. युरोपीय लेबलवरचे डेसिबल हे ८० किमी वेगाला रस्त्याच्या बाजूला उभ्या माइकने मोजलेले असतात, गाडीच्या आत बसून मोजलेले नाहीत. ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा अंदाज, ३०० की ४००, हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. एकाच कंपनीचे दोन टायर तुलायला तो ठीक, दोन कंपन्यांत तुलना करायला निकामी. ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं मोजमाप, युरोपीय लेबलवरचं ओल्या पकडीचं अक्षर किंवा ट्रॅक्शन एए/ए, हे मात्र जरूर वाचा. फार जास्त टिकणारं रबर सहसा ओल्यात कमी धरतं. पाच हजार किलोमीटर जास्त चालण्यासाठी पहिल्या पावसातल्या ब्रेकवर काटकसर करणं आम्हाला अजिबात पटत नाही.

बाजूवर आयएसआय खूण हवीच. गाडीच्या टायरसाठी ती आयएस १५६३३ या क्रमांकासह असते. बाहेरून आलेल्या टायरलाही ती लागते.

तारीख आणि बिल

बडोद्याच्या आसपास टायरचे मोठे कारखाने आहेत: वाघोडियाजवळ लिमडा इथे अपोलो, हालोलला सिएट, भरूचकडे दहेजला एमआरएफ. त्यामुळे इथे माल ताजाच मिळतो अशी समजूत होते. कारखाना जवळ असला तरी माल देशभर फिरतो आणि गोदामात पडून राहू शकतो. टायरवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ चा १४ वा आठवडा. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटवून बघा, आणि रिमवर चढवण्याआधी बघा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षभराच्या आतला चालेल, त्याहून जुना असेल तर किंमत कमी करून मागण्यापेक्षा दुसरा मागा. चारही जवळपासच्या आठवड्यांचे असावेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचा भाव सांगून कुणी 'सूट' देत असेल, तर ती सूट करातूनच आलेली असू शकते. बिल पक्कं घ्या आणि त्यावर चारही टायरचे अनुक्रमांक लिहून घ्या, उद्या वॉरंटी मागायची वेळ आली तर ते लागतील. वॉरंटी बहुतेक वेळा कारखान्यातल्या दोषाची असते, खड्ड्यातल्या फुग्याची वेगळी असते का हे आधीच विचारा.

दोनच बदलायचे असतील तर

चारही एकदम घेणं उत्तम. पैशाची ओढ असेल आणि दोनच घ्यायचे असतील, तर ते मागे बसवा. गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते म्हणून नवे पुढे, हा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पाण्यात पुढच्या चाकांची पकड सुटली तर स्टिअरिंग हलकं लागतं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुतेक वेळा गाडी परत धरते. मागच्यांची सुटली तर गाडी गिरकी घेते आणि साध्या ड्रायव्हरला ती सावरता येत नाही. एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळ्या नक्षीचे टायर तर नकोच.

बसवताना उभं राहून बघायचं

टायर चांगला आणि बसवणं वाईट, असं फार होतं. रिमची कड, जिथे टायर टेकतो, तिथला गंज आणि जुनं रबर तारेच्या ब्रशने साफ झालं पाहिजे, नाहीतर हवा हळूहळू गळत राहते. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह दर वेळी नवा घाला. किंमत किरकोळ असते, पण जुना चिरला तर भर रस्त्यात हवा जाते. चाकात प्रेशरचा सेन्सर असेल, तर तो कुठल्या बाजूला आहे हे मशीन चालवणाऱ्याला आधी सांगा. टायर चढवताना कडेला साबणाचं पाणी किंवा पेस्ट लागते. नक्षीला बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने, आणि 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हशी जुळवला की वजनं कमी लागतात.

बॅलन्सिंग करताना एका चाकाला ६०-७० ग्रॅमहून जास्त वजन मागितलं, तर ते चिकटवून मोकळं होऊ देऊ नका. टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. तरीही तेवढंच मागत असेल, तर रिम वाकडी असण्याची शक्यता मोठी. मशीनवर चाक फिरत असताना रिमच्या कडेकडे बघितलं की ती डुलते का हे डोळ्यांनाही दिसतं. पावसाळ्यातल्या भुव्यांनंतर हे अगदी नेहमीचं आहे.

नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून समोरचा असे, आवळायचे, शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला हे दाखवणाऱ्या पान्याने. बहुतेक सेडानला १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. नुसत्या हवेच्या गनने धडाधड आवळले तर ब्रेकची डिस्क वाकू शकते, शिवाय पंक्चरच्या वेळी घरच्या पान्याने नट सुटत नाही. ५० ते १०० किमी चालल्यावर एकदा पुन्हा तपासा. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि आधी-नंतरच्या आकड्यांची चिठ्ठी हातात घ्या.

घरी निघाल्यावर ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, सीट थरथरली तर मागच्यांचं. पहिले २००-३०० किमी जोराचे ब्रेक आणि जोराची वळणं टाळा. नव्या रबरावर साच्याचा निसरडा थर असतो, तो घासून जावा लागतो.

हवा

पंपावर सरसकट "पस्तीस टाका" म्हणायची सवय आहे. स्टिकरवर ३३ असेल तर ३३ च. दोन-तीन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त भरले की मऊ साइडवॉलचे पैसे वाया जातात, कमी भरले तर ती जास्त वाकून तापते, आणि उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे हे मोठं कारण असतं.

हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना मोजा. चालल्यावर ती ३-४ पीएसआय वाढलेली दिसते. ती काढून टाकायची नाही, नाहीतर टायर थंड झाला की तो कमी हवेवर येतो. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआय चढतो. म्हणजे जानेवारीच्या १३ अंशांच्या पहाटे ३३ भरलेला टायर मेच्या २८ अंशांच्या पहाटे, काहीच गळलं नाही तर, ३५ च्या वर दिसेल. प्रत्यक्षात महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय आपोआप कमी होतो. म्हणून महिन्यातून एकदा मोजणं आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजणं. स्वतःचं डिजिटल गेज ठेवा, पंपावरची यंत्रं एकमेकांशी जुळत नाहीत. मागे तीन माणसं आणि डिकी भरून मुंबईकडे निघताना पूर्ण भाराचा आकडा वापरा, तो स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. नायट्रोजनचा आग्रह नको. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फुकट मिळाला तर घ्या.

दर ८ ते १० हजार किमीला पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. बाणवाले असतील तर त्याच बाजूला पुढून मागे. पंक्चर फक्त मधल्या नक्षीतलं काढायचं, आणि लांबच्या प्रवासाच्या गाडीला दोरीपेक्षा आतून लावायचा मशरूम पॅच बरा. कडेला किंवा साइडवॉलला छिद्र असेल तर टायर बदलायचाच.

बडोद्याच्या अलकापुरी गरनाळ्यासारख्या (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यासारख्या) ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर दुसऱ्या दिवशी चारही टायरच्या बाजूंवर हात फिरवा. पाण्याखाली न दिसलेल्या कडेवर आदळून आलेला फुगा असाच सापडतो.

आणि चार नवे घेताना स्टेपनीची तारीखही वाचा. ती कधी जमिनीला टेकलेली नसली, तरी डिकीतल्या उष्णतेत रबर म्हातारं होतं. सहा वर्षांनंतर दरवर्षी ती चिरांसाठी तपासायची आणि दहा वर्षांची झाली की नक्षी कोरी असली तरी बदलायची. जुन्या चारांतला सगळ्यात चांगला टायर, त्याच साइजचा आणि पुरेशी खोली शिल्लक असलेला, स्टेपनीच्या रिमवर चढवून घेता येतो. बारीक, तात्पुरत्या वापराची स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. तिच्यात हवा ६० पीएसआय लागते, त्यामुळे साध्या ३३ वर भरून ठेवलेली असेल तर गरजेच्या वेळी ती बसलेलीच निघेल.